वासंती, ते तुझं कारण बदलायला निघालेत

वासंती कोळी हिच्यावर अन्याय झाला. कधी झाला ते नीट लिहून ठेवते: १९९६ साली, गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, तिच्या वडिलांच्या गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत, विषय क्रमांक सहा चालू असताना, चहा यायच्या आधी. करणाऱ्यांनी तो हात वर करून केला. कुणी कुणाला मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. सभेनंतर सगळ्यांनी तिला जेवायला थांब म्हणून आग्रहही केला.

वासंती, हे वाचलं असतंस तर म्हणाली असतीस, "पत्रकेबाई, झाली का सुरुवात." माझं आडनाव तू कधी नीट घेतलं नाहीस. मी कामगार संघटनेची पत्रकं लिहिते म्हणून पत्रके. छापखान्यातून ओल्या शाईचा गठ्ठा काखेत धरून मी आपल्या बिल्डिंगचा जिना चढायला लागले की वरच्या कठड्यावरून तुझा आवाज यायचा, "आज कोणाचा धिक्कार?"

तोच प्रश्न घेऊन मी बसलेय. पत्रकाला आरोपी लागतो. तू काविळीने गेलीस. काविळीला निवेदन देता येत नाही, तिच्या दारात बसता येत नाही. दूषित पाण्याविरुद्ध लिहायला घेतलं, तर डॉक्टर म्हणाले, कुठल्या पाण्यातून आली ते कसं सांगणार, ही पनवेलला राहायची, गावाला जायची, बाहेर खायची. मग उरला तुझा दामाकाका, संस्थेचा चेअरमन. त्याच्याकडे रागाने बघायचं असं घरून ठरवून निघाले होते मी. त्याने तुला पहिला खांदा दिला आणि खाडीपर्यंत लहान पोरासारखा रडत गेला. आता अशा माणसाचं काय करायचं ते आम्हाला कुठल्याच शिबिरात शिकवलेलं नाही.

तुझं ते कॉम्प्युटर शिकणंही मला कधी धड कळलं नाही. उरण नाक्याजवळ हार्डवेअरच्या दुकानावर तो क्लास. दाराबाहेर देवळासारख्या चपला काढायच्या, आत गारठा, पडदे ओढलेले, मशीनवर कापडी झबली. मी त्या वेळी ‘संगणक: मालकांचा नवा कारकून’ असं पत्रक काढलं होतं आणि तुझ्या हातात मुद्दाम पहिलं दिलं होतं. तू शांतपणे वाचलंस, ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका पेन्सिलने सुधारल्यास आणि विचारलंस, "मालक कोण, ते कुठे लिहिलंयस यात?" मी म्हटलं, ते सगळ्यांना माहीत असतं. तू म्हणालीस, सगळ्यांना माहीत असतं तेच नेमकं लिहून मागायचं असतं. तेव्हा मला वाटलं तू उगाच खोड काढतेस.

बाकीच्या मुली तिथे टायपिंग आणि याद्या-हिशोब ठेवायचं फॉक्सप्रो शिकून नोकरीला लागत होत्या. तू बी.कॉम. झालेली, तुलाही लागली असती. पण क्लासच्या सरांनी ते नवीन काढलं होतं, ऑब्जेक्ट ओरिएंटेड, सी प्लस प्लस. पुढे धंद्याचे सगळे प्रोग्राम याच पद्धतीने लिहिणार म्हणाले. पहिल्या आठवड्यातच अर्धी बॅच गळली. तू चिकटून राहिलीस, कारण तुझ्या डोक्यात तुझ्या वडिलांच्या गावची संस्था होती. संस्थेने नवाकोरा कॉम्प्युटर घेऊन ठेवला होता आणि त्याच्यावर सेक्रेटरी गजानन फक्त पत्ते खेळायचा. सभासद, त्यांचे शेअर, बर्फ, डिझेल, सगळं त्यात घालायचं असं तू ठरवलंस. मी विचारलं, मग फॉक्सप्रोत का नाही? तू सांगितलंस ते मला तेव्हा पटलं नाही, पण शब्द लक्षात राहिले. जुन्या पद्धतीत कुणीही टेबल उघडतो आणि ओळ खोडतो, म्हणालीस. या पद्धतीत माहिती वस्तूच्या पोटात असते. परस्पर हात घालून काढायची नाही. वस्तूला विचारायचं, मग ती देईल नाहीतर नाही म्हणेल.

"आमच्या घरात सगळं परस्परच झालंय," हेही तू त्याच दमात बोललीस.

इंग्रजी पुस्तक उशाएवढं जाड. तू त्याचं मराठी करत बसायचीस, कारण मराठीत आल्याशिवाय तुला पटायचं नाही. ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू. इन्हेरिटन्स म्हणजे वारसा. क्लास म्हणजे वर्ग. सरांना तो वर्ग आवडला नाही, ते म्हणाले साचा म्हण. एका साच्यातून कितीही वस्तू निघतात. तू म्हणालीस, सर, साचा म्हटलं की मला पेणचे गणपती दिसतात. सर म्हणाले, मग तेच तर. आरती गणपतीची होते, साच्याची होत नाही. साचा म्हणजे क्लास आणि गणपती म्हणजे ऑब्जेक्ट. हे तू मला घरी येऊन इतक्या आनंदाने सांगितलंस, जसं काही तुला नोकरी लागली. तरी वहीत वर्गच लिहीत राहिलीस.

आणि त्यामुळे तो घोटाळा झाला. एका संध्याकाळी जिन्यात भेटलीस, केस विस्कटलेले, डोळे लाल. म्हणालीस, "आज दोन वर्ग लिहून झाले. तिसरा वारशापाशी अडलाय." मला वाटलं, अखेर ही आली आमच्यात. वर्ग, वारसा, संपत्ती, आम्ही दुसरं काय बोलत असतो? मी दुसऱ्याच दिवशी संघटनेच्या सुरेशदादाला सांगितलं आणि त्याने येत्या अभ्यासवर्गाला तुझं भाषण ठेवलंही. विषय: वर्ग आणि वारसा. तुला विचारलं तर तू म्हणालीस, येते की, मलाही कुणाला तरी समजावून बघायचंय. आपण दोघी एकाच विषयाबद्दल बोलतोय असं दोघींनाही वाटत होतं.

कळंबोलीला लोखंड बाजारामागच्या त्या खोलीत माथाडी कामगार, कॉलेजची काही पोरं, सुरेशदादा आणि मासळीबाजार उरकून तशीच आलेली तुझी आई. तू फळ्यावर चौकट काढलीस. त्यात लिहिलंस: सभासद. म्हणालीस, हा मूळ वर्ग. याला नाव आहे, गाव आहे, मत आहे. त्याच्याखाली दुसरी चौकट काढलीस: होडीवाला सभासद. याला वरचं सगळं आपोआप मिळतं, पुन्हा लिहावं लागत नाही, शिवाय स्वतःची होडी. तिसरी: खलाशी सभासद. त्यालाही वरचं सगळं. सुरेशदादाने घसा खाकरला आणि अजून उत्पादनसाधनांचा उल्लेख का आला नाही अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं. मागून एका माथाडी दादाने विचारलं, "ताई, या सगळ्यात वर्गसंघर्ष कधी येतो?"

"एरर आला की," तू म्हणालीस. खोली हसली. सुरेशदादासुद्धा हसला, आणि हसू आवरल्यावर मला अशा काही नजरेने पाहिलं की पुढचे काही अभ्यासवर्ग मी चहा वाटण्याच्या कामावर होते.

पण मग तुझी आई बोलली. पारूमावशी मागे भिंतीला टेकून बसली होती. तिने हात वगैरे वर केला नाही. सरळ विचारलं, "आपोआप येतं म्हन्तेस. मग तुज्या बापाचं तुला का नाय आलं?"

तू खडू धरून उभी राहिलीस. "तो वारसा वेगळा, आई."

"वारसा वारसा वेगला असतो का गो?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. तुझे वडील त्या संस्थेचे सभासद होते. तू शाळेत असताना ते छातीच्या दुखण्याने गेले. होडी दामाकाका चालवायला लागला, ते ठीक. पण सभासदाच्या जागी कुणाचंच नाव चढलं नाही. पारूमावशीचं नाही, तुझं नाही. मयताचं नाव तसंच ठेवून सभासदाला संस्थेकडून स्वस्तात मिळणारा त्याच्या वाट्याचा बर्फ आणि डिझेल काका उचलत राहिला, आणि त्याच जेटीवर मासळी घ्यायला जाणारी पारूमावशी बाहेरच्या माणसासारखी बर्फासाठी शेवटी उभी राहायला लागली. मग तुम्ही दोघी पनवेलला आमच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने आलात. कायद्यात बायको वारस आहे, मुलगीही आहे. हे मला माहीत आहे, तुला माहीत होतं आणि चेअरमनलाही माहीत आहे.

अभ्यासवर्गाहून परत येताना आपण भांडलो. तेच भांडण पुढे आपण वर्षभर करत राहिलो, जागा बदलून: कधी वडाळे तळ्याच्या कठड्यावर, कधी एस.टी. स्टँडवर, कधी गच्चीत सुके बोंबील राखत. मी म्हणत होते की बापाचं आपोआप पोराला येतं हेच तर सगळ्या रोगाचं मूळ आहे. जन्मलास म्हणून मिळालं, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. वारसा या शब्दाचं कौतुक करणारा प्रोग्राम मला नको. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तुझं भांडण आपोआप येतं म्हणून आहे. माझं आलं नाही म्हणून आहे. आधी मला येऊ दे. मग दोघी मिळून नाकारू."

ज्यांच्याकडे आहे त्यांनी नाकारावं, हे सोपं. ज्यांना दिलंच नाही त्यांनी काय नाकारायचं? पण म्हणून वारसा चांगला का? माझं डोकं इथे येऊन थांबतं आणि तू आता उत्तर द्यायला नाहीस. हे बरोबर केलं नाहीस तू.

आईच्या प्रश्नाने तू प्रोग्रामच फिरवलास. घरी येऊन वहीत एक वर्ग लिहिलास, बाप. त्याच्यापासून निघालेला दुसरा, मुलगी. बापाचं सगळं मुलीला आपोआप. क्लासच्या मशीनने ते बिनतक्रार घेतलं आणि तू रात्री मला दार वाजवून उठवलंस. दुसऱ्या दिवशी सर ते बघून खुर्चीतल्या खुर्चीत हसले. म्हणाले, मोटारबोट ही एक होडी आहे, म्हणून मोटारबोट होडीपासून निघते. मुलगी हा एक बाप आहे का? तू इतकी वरमलीस की घरी येऊन जेवली नाहीस. तुझी ही चूक मला फार आवडते, वासंती. तुझ्या त्या जाड पुस्तकात चुकांची यादी असेलही, पण तुझ्या कारणाने ही चूक करणारी तुझ्याशिवाय कुणी असेल असं मला वाटत नाही.

मग सरांनी बरोबर काय ते दाखवलं. सभासदाकडे वारस असतात. वारस म्हणजे व्यक्ती. व्यक्तीला नाव, वय, पत्ता, मयताशी नातं. तू विचारलंस, पुरुष की स्त्री तो रकाना ठेवू का? सर म्हणाले, त्याने प्रोग्रामच्या कामात काही फरक पडतो का? नाही ना? मग कामाला लागत नाही ते विचारायचं नाही. ते त्यांनी सहज म्हटलं, मेमरी वाचावी म्हणून म्हटलं. तू मात्र ते वाक्य आठवडाभर तोंडात घोळवत होतीस. कामाला लागत नाही ते विचारायचं नाही. मी म्हटलं, हे पत्रकाला मथळा म्हणून चालेल. तू म्हणालीस, खबरदार.

आता ती सभा. तूच म्हणालीस चल, म्हणून मी आले. शाळेच्या मोठ्या खोलीत मास्तरांच्या टेबलावर कॉम्प्युटर, खिडकीतून ओढलेली वायर, पुढे सभासद पुरुष, मागे मासळीवाल्या बायका, ज्या सभासद नाहीत. तू बर्फ दाखवलास, डिझेल दाखवलंस. माणसं खूश होती, कुणी म्हणालं, पोर कोनाची हाय ठावं हाय ना. विषय सहा होता संगणक प्रणाली स्वीकारणे. मंजूर होणारच होतं. तेवढ्यात कुणीतरी म्हातारा म्हणाला, मयताचं कसं करतं ते दाव. दुसरा म्हणाला, तुज्या बापाचंच दाव की.

तू वडिलांचं नाव मारलंस. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं आणि गजाननने सवयीने मोठ्याने वाचलं: वारस, पत्नी, पारूबाई. वारस, वासंती.

दामाकाका आधी हसला. "मशिन चुकलं."

"नाय काका. बरोबर हाय." गावात गेलीस की तुझी भाषा एका पायरीवर बदलायची, मला नेहमी गंमत वाटायची. त्या दिवशी वाटली नाही.

काका उठून उभा राहिला. चिडला नव्हता, समजावत होता. पोर सासरी जाते. उद्या तिच्यामागून दुसऱ्या गावचा जावई येऊन आमच्या बर्फावर बसंल. बाईच्या नावावर केलं तरी बाईमागून पोरीचंच. "या मशिनीला गावची रीत म्हाईत नाय. तिला रीत शिकव, मंग आन." कुणीतरी जोडलं की मशिनीला काय म्हाईत, शिकवनारीला म्हाईत पायजे, आणि खोली हसली. ठराव झाला: वारसाला मुलगा की मुलगी हा रकाना घालावा, आणि मुलींची नावं वगळण्याची सोय करावी. बाजूने हात वर झाले. विरोधात कोण, असं गजाननने विचारलं तेव्हा मागे पारूमावशीचा हात वर होता. तो मोजला नाही, कारण ती सभासद नाही.

परतीच्या एस.टी.त मी पत्रकाचा मसुदा लिहून काढला. तू खिडकीबाहेर बघत होतीस. म्हणालीस, माझं नाव घालू नकोस. मी विचारलं, मग कोणाचं घालू, मशीनचं?

आणि पुढच्या महिन्यात तू त्यांच्या सांगण्याप्रमाणे प्रोग्राम बदलून दिलास. रकाना घातलास, वगळण्याची सोय केलीस. त्या दिवशी जिन्यात मी तुला जे बोलले ते सगळ्या बिल्डिंगने ऐकलं. तू शरण गेलीस असं मी म्हटलं. मी दरवर्षी चिरनेरला जंगल सत्याग्रहाच्या हुतात्म्यांसमोर भाषण करते, तेच काढलं. ती माणसं सरकारला रकाने भरून द्यायला बसली नव्हती, म्हटलं.

"त्यांच्यासमोर सरकार होतं," तू म्हणालीस. "माझ्यासमोर माझा काका आहे."

मग तू मला पायरीवर बसवून सांगितलंस काय केलंयस ते. आधी नाव नुसतं गाळायचे. कुणी गाळलं, का गाळलं, काही नाही, जसं माणूस जन्मलाच नव्हता. आता वारसाचं नाव आधी घालावंच लागतं. काढायचं तर त्या वस्तूलाच सांगावं लागतं, काढ. आणि ती विचारते, कारण? कारण लिहिल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. ते कारण नावासमोर कायम दिसतं, सभेच्या यादीवर छापून येतं. गजानन पहिल्यांदा तुझंच नाव वगळायला बसला आणि तिथे अडला. काय लिहू, म्हणून चेअरमनला विचारून आला. चेअरमन म्हणाला, त्यात काय ल्हिवायचं, मुलगी ल्ही.

"त्याने लिहिलं. मी बाजूलाच बसले होते," तू म्हणालीस आणि हसलीस.

मी म्हटलं, तू स्वतःच्या हाताने स्वतःला वगळलंस.

"हात गजाननचा होता. मी फक्त विचारायला लावलं."

मला हे तेव्हा पटलं नाही. कारण लिहिल्याने काय होतं? चोराने पावती दिली म्हणून चोरी हलकी होते का? आता मात्र एक गोष्ट बघते. यादी छापून संस्थेच्या भिंतीवर लागली तेव्हा एका खाली एक नावं आणि समोर मुलगी, मुलगी, मुलगी. बायका तिथे थांबून वाचायच्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या वाचून घ्यायच्या. एकीने तिच्या भावाला भर जेटीवर विचारलं म्हणे, की मी तुझी बहीण हाय का कारण हाय. एवढंच झालं. कुणाला काही मिळालं नाही. हा विजय आहे का? आमच्या हिशोबात नाही. मग दामाकाका ती यादी दुसऱ्याच आठवड्यात का काढून घेतो?

आपण त्यानंतर बोलत होतो, पण राग गिळून बोलत होतो. तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी उसाचा रस घेऊन आले. डोळे हळदीसारखे झालेले. म्हणालीस, "आज कोणाचा धिक्कार?" मी म्हटलं, तुझा. तू हसलीस आणि दमलीस. मला तुला एक विचारायचं होतं. कारणाचा रकाना नंतर बदलता येतो. ती सोय तू मुद्दाम ठेवलीस, गजानन सांगत होता. इतकी पक्की भिंत बांधलीस आणि तिला हे दार का ठेवलंस? मी विचारलं नाही. म्हटलं बरी होईल, मग भांडू. रस पिऊन टाक म्हटलं आणि निघून आले.

गजाननला तू कारण सांगितलं होतंस. त्याने मला परवा सांगितलं, आणि सांगताना दोनदा चष्मा पुसला. तू म्हणाली होतीस, उद्या कुणाला लाज वाटली तर नाव परत घ्यायला जागा पाहिजे.

वासंती, त्या दारातूनच ते आता आत येतायत.

तुझं उत्तरकार्य झाल्यावर दामाकाका पनवेलला आला. पारूमावशीपुढे खाली जमिनीवर बसला. मी चहा करत होते, मला तिथून हलायला कुणी सांगितलं नाही. तो म्हणाला, वयनी, आता तुला सबासद करून टाकतो. तुज्या हयातीपर्यंत तुजं नाव. येत्या सबेत घेतो. आता काय अडचन नाय.

अडचण नाही. शब्द कळला का तुला? अडचण तू होतीस. तू गेलीस आणि वाट मोकळी झाली. आणि तो हे वाईट मनाने बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो उपकार घेऊन आलाय. डोळ्यांत पाणी होतं. मी पातेलं धरून उभी, आणि मला कळत नव्हतं हे त्याच्या अंगावर ओतू की त्याला कपात देऊ. कपात दिला.

मग तो हळूच म्हणाला की यादीत वासंतीच्या नावापुढं ते कारण बरं दिसत नाही. लोक नावं ठेवतात. ते बदलून मयत करू. "खरंच हाय ना ते?"

इंग्रजी अक्षरांत मुलगी लिहायला पाच अक्षरं लागतात. मयत लिहायलाही पाचच. त्या रकान्यात अगदी अचूक बसेल. एक कळ दाबायची, आणि उद्या जो कोणी यादी वाचेल त्याला कळेल की वासंती कोळी वारस झाली नाही कारण ती मेली. बिचारी. कुणाचाच दोष नाही.

पारूमावशी म्हणाली, "खरं हाय. पन तवा ती जिती व्हती."

काकाने मान खाली घातली. ती पुढे म्हणाली, मला सबासद करा नायतर करू नका, तिचा सबुद तसाच ठेवा. काका म्हणाला, वयनी, दोन्ही कसं हुईल, कमिटीला काय सांगू. आणि चहा अर्धा टाकून गेला.

आता मी कुठे उभी आहे ते बघ. ज्या रकान्याला मी सगळ्या बिल्डिंगसमोर शिव्या दिल्या, तो राहावा म्हणून लिहायला बसलेय. ज्या वारशाला मी रोग म्हणते, तो पारूमावशीला मिळावा म्हणून मागतेय. मावशीला बर्फ लागतो, रोज लागतो. शब्दासाठी तिने बर्फावर पाणी सोडावं, असं मी तिला कुठल्या तोंडाने सांगू? आणि घे म्हणून तरी कशी सांगू? सुरेशदादाला विचारलं तर तो म्हणाला, हा डावपेचाचा प्रश्न आहे. तू असतीस तर पेन्सिल घेऊन माझ्या या लेखात खुणा केल्या असत्यास आणि म्हणाली असतीस, पत्रकेबाई, मागणी कुठे आहे यात?

थांब. तुझ्याशी बोलणं इथे थांबवते. यापुढचं वाचणाऱ्यांसाठी आहे.

तुम्ही त्या संस्थेचे सभासद असाल तर येत्या वार्षिक सभेला जा. पारूबाईंना सभासद करण्याचा विषय निघेल, त्याला हात वर करा. तिथेच कारण बदलण्याचा विषय निघेल, किंवा न काढता परस्पर उरकायला बघतील. तेव्हा उठून उभे राहा. एकाच्या बदल्यात दुसरं, असं कुणाला म्हणू देऊ नका. तुम्ही गेल्या वर्षी हात वर करून तिला वगळलंत, ती जिवंत असताना, तुमच्यासमोर उभी असताना, आणि का वगळलंत ते तुमच्याच चेअरमनने सांगितलं. लाज वाटत असेल तर तिचं नाव परत घ्या, तिच्या बापाच्या नावाखाली, वारस म्हणून. तेवढी हिंमत नसेल तर त्या शब्दाला हात लावू नका. मुलगी म्हणून वगळलंत, मुलगी असंच लिहिलेलं राहू द्या.